डोंगर वर येतोय

चौथ्या महिन्याच्या मोजणीत कचऱ्याचा डोंगर सहा मिलिमीटर वर आला. लेव्हलताईनं वहीतला आकडा खोडला आणि गणित पुन्हा केलं. पुन्हा सहाच आले.

लेव्हलताई हे नाव साइटवरच्या कामगारांनी पाडलेलं. ती सर्व्हेअर होती, वय बेचाळीस. अठरा वर्षं तिनं रस्ते, कालवे, पूल मोजले होते आणि आता शहराच्या कडेच्या जुन्या कचरा डेपोवर तिला काम मिळालं होतं. डेपो बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. चाळीस वर्षांचा कचरा दाबून त्यावर जाड प्लास्टिकचं आवरण घातलं होतं, आवरणावर माती आणि मातीवर गवत. लांबून बघणाऱ्याला ती साधी टेकडीच वाटायची.

त्या गवतावर आता सोलर पॅनल बसणार होते. आवरणाला भोक पडता कामा नये, म्हणून खांब पुरायचे नव्हते. काँक्रीटचे ठोकळे नुसते ठेवायचे आणि त्यांच्या वजनावर पॅनलच्या चौकटी उभ्या करायच्या. दिवसा तयार होणारी वीज साठवून संध्याकाळी वापरायला बॅटऱ्यांचे तीन कंटेनर आले होते, एकेक तीस टनांचा. एवढं वजन डोंगराला झेपणार नाही म्हणून ते खाली, फाटकाजवळच्या पक्क्या जमिनीवर, जुन्या वजनकाट्याच्या केबिनला लागूनच ठेवले होते.

लेव्हलताईचं काम एकच. डोंगर किती खचतोय ते बघायचं. पोटातला कचरा कुजतो, बसतो, त्यामुळे डोंगर दर महिन्याला थोडा खाली जाणार हे सगळ्यांनी धरलेलंच होतं. डोंगरावर चाळीस ठिकाणी लोखंडी प्लेटा बसवल्या होत्या. केबिनच्या जोत्यात एक पितळी खिळा ठोकला होता, त्याची उंची ठरलेली. दर महिन्याच्या एक तारखेला आधी त्या खिळ्यावर आणि मग एकेका प्लेटेवर आकड्यांची उंच पट्टी उभी धरायची, दुर्बिणीच्या यंत्रातून आकडा वाचायचा आणि फरक काढायचा. पहिले तीन महिने डोंगर तीन, चार, तीन मिलिमीटर खचला होता.

पट्टी धरायला पट्टीकाका होते. वय छप्पन्न, अंगानं काटकुळे, पट्टीइतकेच सरळ. बावीस वर्षं त्यांनी वेगवेगळ्या सर्व्हेअरांसाठी हीच पट्टी धरली होती.

"काका, डोंगर वर आलाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"सहा मिलिमीटर."

काकांनी डोंगराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कशाला?" ते म्हणाले.

तिनं वहीची पानं पुन्हा चाळली. आकडा चुकला असता तर एखाद्या प्लेटेचा चुकला असता. इथे चाळीसच्या चाळीस प्लेटा वर आल्या होत्या आणि जवळपास सारख्याच. वर्गातली सगळी मुलं एका महिन्यात एकाच मापानं उंच झाली असं कुणी सांगितलं तर आपण आधी मोजणाऱ्याकडे बघू. तिनंही तेच केलं. जमिनीत दोन खुंट्या ठोकून, आधी मधोमध आणि मग एका टोकाला यंत्र लावून तिनं ते तपासलं. यंत्र चोख होतं. मग खिळ्याचा संशय आला. फाटकाच्या दगडी खांबावर तिनं सुरुवातीलाच दुसरी एक खूण करून ठेवली होती, पडताळ्यासाठी. खिळा आणि खांब यांच्या उंचीतला फरक तिनं पुन्हा मोजला. पहिल्या दिवशी होता तेवढाच निघाला, मिलिमीटरचासुद्धा फरक नाही. म्हणजे खिळा जागेवर होता.

मग राहिला डोंगर.

साइट इंजिनियर तिच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. हुशार, घाईतला, दोन फोन वापरणारा. त्यानं आकडे पाहिले आणि खुर्चीतून उठलाच.

"गॅस," तो म्हणाला. "ताई, आत गॅस साठलाय. आवरण फुगतंय."

"पण सर, सगळीकडे सारखं कसं फुगेल? मधे जास्त, कडेला कमी, असं काहीतरी..."

"मग तुम्ही सांगा दुसरं काय असेल!"

दुसऱ्या दिवशी गॅस मोजणारा माणूस आला. त्यानं डोंगरात बसवलेल्या नळ्यांच्या तोंडाशी आपलं यंत्र धरलं आणि दोन तास हिंडून सांगितलं की गॅस नेहमीपेक्षा कमीच आहे.

"कमी?" इंजिनियर म्हणाला. "म्हणजे बाहेर येत नाहीये. म्हणजे आत अडकलाय!"

गॅसवाला म्हणाला, तसंही असू शकेल, नसूही शकेल. त्यानं कागदावर सही केली आणि तो निघून गेला.

मग इंजिनियरनं हुकूम काढला. वरून ठोकळ्यांचा दाब, आतून गॅसचा दाब, मधल्यामधे आवरण फाटलं तर? डोंगरावर मांडलेले दोनशे दहा ठोकळे तूर्त खाली आणायचे. आठवडाभर क्रेन आणि ट्रॅक्टर चालू होते. खाली ठोकळे ठेवायला मोकळी जागा एकच होती, केबिन आणि बॅटरीचे कंटेनर यांच्या समोरची. तिथे तीन-तीनच्या थरात ते रचले गेले. डोंगरावर विडी-सिगारेट बंद, मोबाइल बंद, दोघांपेक्षा जास्त माणसांनी एकत्र चालायचं नाही. कामगार टाचा न टेकता चालू लागले. रस्त्यापलीकडच्या वस्तीत बातमी गेली की डोंगर श्वास घेतोय. एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन फाटकाशी आल्या आणि विचारलं, गाव सोडायचं का? वॉचमननं सांगितलं, मलाच कुणी काही सांगत नाही. ते खरंच होतं.

पाचव्या महिन्याच्या एक तारखेला डोंगर आणखी तेरा मिलिमीटर वर आला.

"बघा!" इंजिनियरनं टेबलावर हात आपटला. "ओझं काढल्याबरोबर उसळला!"

लेव्हलताईला हे पटायला हवं होतं, कारण ऐकायला ते अगदी बरोबर होतं. उशीवरून हात काढला की उशी वर येते. पण घरी जाताना बसमध्ये तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. चाळीस प्लेटा. काही तीस फूट कचऱ्यावर, काही ऐंशी फूट कचऱ्यावर, तीन-चार तर पार कडेला, जिथे खाली जेमतेम कमरेइतका कचरा. या सगळ्या एकाच मापानं कशा उसळतात?

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. रात्रीची भांडी आवरताना तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उद्या दुकानात ये. डोळे तपासू."

"माझे डोळे ठीक आहेत."

"डोंगर वर येतोय म्हणतेस आणि डोळे ठीक आहेत?"

ती गेली. त्यानं तिला गिऱ्हाइकासारखं खुर्चीवर बसवलं, हनुवटी टेकवायला लावली, अक्षरं वाचून घेतली. उजव्या डोळ्याचा नंबर पावानं बदलला होता. हे ऐकून तिला आधी बरं वाटलं आणि मग भीती वाटली. पाव नंबरानं डोंगर वर येत नाही हे तिला कळत होतं. पण आता काय कळतंय आणि काय नाही, याचाच भरवसा उरला नव्हता. नवा चष्मा घालून तिनं पहिल्या पाच प्लेटा पुन्हा वाचल्या. आकडे आधीपेक्षा स्वच्छ दिसले आणि होते तेच निघाले.

यंत्र चोख, खिळा जागेवर, डोळे ठीक. उरली पट्टी.

पट्टी तिरकी धरली की दुर्बिणीत आकडा मोठा दिसतो. आणि नेमकी खिळ्यावरच ती तिरकी धरली गेली तर पुढचं सगळं गणित तेवढ्यानं चढतं, म्हणजे आख्खा डोंगर एकाच मापानं वर आल्यासारखा दिसतो. हे लक्षात आलं तेव्हा ती अंथरुणातून उठून बसली. सगळं जुळत होतं. केबिनची भिंत खिळ्याला लागूनच होती. माणूस थकला की टेकतो. काकांचं वय झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं यंत्र लावलं आणि काका पट्टी घेऊन खिळ्यावर उभे राहिले. इंजिनियर शेजारीच होता, दोन क्रेनवाले चहा पीत होते.

"काका, पट्टी सरळ आहे ना?"

"सरळ आहे."

तिनं आकडा वाचला. तोच. "काका, नक्की सरळ?"

"आहे म्हटलं ना."

"नाही, म्हणजे... भिंतीला टेकता का तुम्ही? थोडं? नकळत?"

क्रेनवाल्यांनी चहाचे पेले खाली घेतले. काकांनी पट्टी हलकेच आडवी केली, खिशातल्या फडक्यानं वरपासून खालपर्यंत पुसली, तिच्या कापडी पिशवीत सरकवली आणि आणून तिच्या पायाशी ठेवली.

"मोजून घ्या ताई," ते म्हणाले. "चौदा फूट आहे. कमी भरली तर निरोप पाठवा."

आणि ते फाटकातून निघून गेले.

"बरं झालं, कळलं तरी," इंजिनियर म्हणाला. मग त्यालाच शंका आली. "म्हणजे आता गॅस नाही का? ठोकळे परत वर न्यायचे?"

"थांबा सर, आधी मोजू द्या," ती म्हणाली.

नवऱ्याचं दुकान सोमवारी बंद असायचं. त्या सोमवारी तिनं त्याला पट्टी धरायला नेलं. त्याला त्या कामाचं काही माहीत नव्हतं हेच तिला हवं होतं. पट्टीला तिनं दोऱ्यानं ओळंबा बांधला आणि त्याला बजावलं, दोरा पट्टीला समांतर राहिला पाहिजे, शिंक आली तरी. त्यानं जीव तोडून पट्टी धरली. मान अवघडली, हाताला मुंग्या आल्या. "हे तो माणूस बावीस वर्षं करतोय?" तो म्हणाला. तिच्या वहीत आकडे उतरत होते आणि ते काकांच्या आकड्यांशी तंतोतंत जुळत होते. चाळीसपैकी अडतीस अगदी तेच, दोन एकेका मिलिमीटरनं वेगळे.

काका बावीस वर्षांत जसे सरळ होते तसेच त्या दिवशीही सरळ होते.

संध्याकाळी ती त्यांच्या घरी गेली. तळमजल्यावरच्या दोन खोल्या. काकांची बायको शिवणकाम करायची. मशीनवर अर्धवट शिवलेला पडदा पडला होता आणि काका मशीनच्या खाली बसून तेल घालत होते. लेव्हलताईला बघून ते उठले नाहीत.

"या," काकू म्हणाल्या. "बरं झालं आलात. पाच दिवस घरात आहेत. भिंतीवरच्या सगळ्या तसबिरी सरळ करून झाल्या, आता शेजाऱ्यांच्या करायला निघालेत."

"काका, माझं चुकलं," ती म्हणाली. "पट्टी सरळ होती. मी ताडून बघितलं."

"ताडून बघितलंत," मशीनखालून आवाज आला. "म्हणजे ताडून बघेपर्यंत नव्हती."

ती खाली सतरंजीवरच बसली. मग म्हणाली, "काका, मला खरंच काही कळत नाहीये. यंत्र नीट आहे, मी नीट आहे, तुम्ही नीट आहात, खिळाही जागेवर आहे. मग डोंगर वर येतोय म्हणायचं का? मी तसं लिहून देऊ?"

तेलाच्या डबीचा टुक-टुक आवाज थांबला.

"खिळा जागेवर आहे हे कशावरून?" काकांनी विचारलं.

"फाटकाच्या खांबाशी ताडलं ना. फरक तेवढाच आहे."

"खांब कुठे आहे?"

"फाटकात."

"आणि खिळा?"

"केबिनला."

"मधे अंतर किती? पन्नास पावलं?" काका आता मशीनखालून बाहेर आले होते. बोटांना तेल लागलं होतं. "ताई, दोन माणसं एकाच खाटेवर बसली आहेत. खाट खचली तर दोघं बरोबरच खाली जाणार. एकाला विचारलं, दुसरा हलला का? तो म्हणेल, छे, माझ्या शेजारीच तर आहे."

ती सतरंजीवरून पुढे सरकली.

"केबिनचं दार महिनाभर अडकतंय," काका म्हणाले. "वॉचमन लाथ मारून उघडतो. लाकूड फुगलंय म्हणतात. पाऊस कुठाय? आणि ते ठोकळे रचले ना, त्यानंतर कंटेनरखालचा ओटा आणि केबिन यांच्या मधे फट दिसायला लागलीय. माझा अंगठा जातो. मी त्या दिवशी तेच सांगणार होतो. तुम्ही विचारलंत, टेकता का."

"पण ती पक्की जमीन आहे काका. नकाशात आहे."

"असेल. मी नकाशा बघितलेला नाही. मी अंगठा घातला."

काकू आतून पाणी घेऊन आल्या. लेव्हलताईनं एका दमात पेला रिकामा केला.

सुरुवातीला, अगदी पहिल्या दिवशी, तिनं खिळ्याची उंची रेल्वेच्या दगडी पुलावरून आणली होती. पुलाच्या पायथ्याशी जुनी सरकारी खूण होती, शंभरेक वर्षांची, सव्वा किलोमीटरवर. तिथून परत ताडून बघायचं तर भर रस्त्यातून यंत्र लावत जावं लागणार होतं, अख्खा दिवस मोडणार होता. खांबाशी फरक जुळला म्हणून तिनं ते टाळलं होतं. हे तिनं काकांना सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता.

"रविवारी रहदारी कमी असते," काका म्हणाले.

रविवारी सकाळी सातला ते पुलाखाली उभे होते. खुणेवर पट्टी, साठ पावलांवर यंत्र, पुन्हा साठ पावलांवर पट्टी, असं पुढे-पुढे सरकायचं. एक मुक्काम चुकला तर सगळं पहिल्यापासून. सलूनसमोर यंत्र लावलं तर अर्धी दाढी झालेला माणूस साबणासकट बाहेर आला.

"रस्ता रुंद होणार का?"

"अरुंद होणार," काका म्हणाले आणि पट्टी घेऊन पुढे गेले.

गॅरेजसमोर एकानं विचारलं, दुकान जाणार का? शाळेच्या भिंतीपाशी एका आजींनी विचारलं, फोटो कधी मिळतील? काका प्रत्येकाला काहीतरी सांगत होते, पण तिच्याशी कामापुरतंच बोलत होते. "वाचा." "झालं?" "पुढे." उन्हं चढली तसा डांबरी रस्ता दुर्बिणीत थरथरू लागला. मग दोघं एका बंद दुकानाच्या पायरीवर तासभर बसून राहिले, तिनं डबा उघडला, निम्मा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो खाल्ला.

साडेतीनला ते केबिनपाशी पोचले आणि खिळ्यावर पट्टी उभी राहिली. तिनं आकडा वाचला, वहीत बेरीज-वजाबाकी केली आणि मग वही काकांच्या हातात दिली. काकांना ते गणित येत नव्हतं हे ती विसरली होती.

"काय झालं?" काका म्हणाले.

"खिळा पंचवीस मिलिमीटर खाली गेलाय."

"आणि डोंगर?"

तिनं गणित मांडलं. दोन महिन्यांत डोंगर एकोणीस मिलिमीटर वर आलेला दिसत होता. ज्या खिळ्यावरून मोजला तो पंचवीसनं खाली गेला होता. "सहा मिलिमीटर खचलाय," ती म्हणाली. "महिन्याला तीन. पहिल्यापासून जसा खचतोय तसाच."

ती ठोकळ्यांच्या थराला टेकून बसायला गेली आणि पटकन उठली. शेजारी नव्वद टनांचे कंटेनर, दोनशे दहा ठोकळे, आणि खाली काय आहे ते कुणालाच माहीत नाही. बॅटऱ्या वाकल्या, तारा ताणल्या गेल्या, तर? दोन महिने सगळ्यांनी डोंगराकडे बघत श्वास रोखून धरला होता, आणि तिच्याच आकड्यांवरून डोंगरावरचं ओझं उचलून इथे आणून ठेवलं होतं. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं ते हसू, आणि काका घाबरले.

तिनं लगेच इंजिनियरला फोन लावला. तो अर्ध्या तासात आला, घरच्या कपड्यांत. त्याला तिनं तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा त्यानं कपाळावर हात ठेवला.

"थांबा ताई. म्हणजे डोंगर वर येत नाहीये."

"नाही."

"आपण खाली चाललोय."

"हो."

"मग गॅस?"

"गॅसचा यात संबंधच नाही सर."

"पण त्यानं सही केलीय," इंजिनियर म्हणाला. मग वाळूच्या ढिगावर बसला आणि बराच वेळ दोन्ही फोन हातात धरून कुणालाच न लावता बसून राहिला.

सोमवारी आधी ठोकळे हलवले आणि मग केबिनच्या मागे खड्डा खणायला मशीन लावलं. चार फुटांपर्यंत चांगला मुरूम निघाला. इंजिनियरच्या चेहऱ्यावर थोडी आशा दिसली. पाचव्या फुटाला मशीनच्या दातांना एक चप्पल अडकून आली. मग काचेच्या बाटल्या, एका सायकलचं हँडल, पत्र्याचे डबे, काळी राख आणि खाली भुसभुशीत, ओला गाळ. पंधरा फुटांवरही पक्की जमीन लागली नाही. वस्तीतल्या एका म्हाताऱ्या वीटवाल्यानं कुंपणापलीकडून बघून सांगितलं, इथे त्याच्या चुलत्याची मातीची खाण होती. डेपो सुरू व्हायच्या आधीच लोकांनी ती कचऱ्यानं भरून टाकली, मग कुणीतरी वर मुरूम पसरला. हे कोणत्याच नकाशात नव्हतं. जमीन तपासताना तीन ठिकाणी भोकं पाडली होती, तिन्ही खाणीच्या काठाबाहेर पडली होती. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. तसं असतं तर निदान कुणावर ओरडता तरी आलं असतं.

पुढचे चार महिने उलटसुलट गेले. कंटेनर उचलले, ओटा फोडला, डोंगराच्या मागच्या बाजूला नवी जागा शोधली. तिथे दर वीस फुटांवर भोकं पाडून जमीन तपासली. ठोकळे परत वर गेले. कामगारांना सांगितलं, आता टाचा टेकून चाला, पण काही जण महिनाभर तसेच चालत होते. वस्तीतल्या लोकांना नोटीस लावून कळवलं की डोंगर श्वास घेत नाही. त्यावर निम्म्या लोकांनी विचारलं, मग बंद कधी पडला?

ऑफिसातून लेव्हलताईला पत्र आलं. मोजणीची खूण अशा जागी का निवडली, याचा लेखी खुलासा करावा. तिनं दोन दिवस कागदासमोर घालवले. नकाशात पक्की जमीन दाखवली होती, हे खरं कारण होतं. पण ते पूर्ण नव्हतं. केबिनपाशी सावली होती, यंत्र ठेवायला जागा होती, नळ होता. आणि पुलापर्यंत परत जायचा तिला कंटाळा आला होता. तिनं हे सगळं लिहिलं, नळासकट. नवऱ्यानं वाचून विचारलं, "हे शेवटचं पाठवणार आहेस?" तिनं पाकीट चिकटवलं. खुलाशाला उत्तर आलं नाही. तिला कामावरून काढलं नाही आणि शाबासकीही दिली नाही. इंजिनियरची बदली झाली, ती वरच्या पदावर होती की खालच्या, हे त्याला स्वतःलाही नीट कळलं नव्हतं.

काका परत आले, पण एका अटीवर. पट्टीला बुडबुड्याची गोल काच बसवून द्यायची, पट्टी सरळ असली की बुडबुडा मधोमध येतो ती. आता प्रत्येक वेळी पट्टी उभी केली की ते सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं ओरडायचे, "बुडबुडा मध्ये!" दिवसातून चाळीसपन्नास वेळा. ते टोमणा मारत होते की नुसती सवय लागली होती, हे तिला कळलं नाही. विचारायची सोय नव्हती. एकदा विचारून झालं होतं.

पावणेदोन वर्षांनी पॅनल चालू झाले. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना बॅटरीच्या कंटेनरांसमोर उभं केलं होतं. सूर्य गेला, आणि बॅटरीवाल्या तंत्रज्ञानं पडद्यावर बोट ठेवून सांगितलं की आत्ता वस्तीतले दिवे आणि पाण्याचे पंप यातूनच चालू आहेत. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. लेव्हलताई वस्तीकडे बघत होती. दिवे कालच्यासारखेच दिसत होते. कालची वीज कुठली आणि आजची कुठली, हे इथून कसं ओळखायचं, हे तिनं तंत्रज्ञाला विचारलं.

"ओळखता येत नाही," तो म्हणाला. "तेच तर चांगलं आहे."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं की नाही, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. काका बाजूला उभे होते, हाताची घडी घालून. मग ते म्हणाले, "उद्या एक तारीख आहे, ताई. सातला येऊ की साडेसहाला?"

"साडेसहाला या," ती म्हणाली. "ऊन वाढायच्या आत पुलावरून सुरुवात करू."